एचपीव्ही तपासणी ते फेरतपासणी: सोलापुरातील माझा अनुभव

फेब्रुवारी २०२४ ते मे २०२५ या काळात मी एचपीव्ही तपासणी (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूची तपासणी), कोल्पोस्कोपी (भिंगातून गर्भाशयमुख पाहणे), बायॉप्सी (तपासायला छोटा तुकडा काढणे) आणि वर्षभराने फेरतपासणी अशा सगळ्या पायऱ्या सोलापुरातच पार केल्या. त्या वेळी मराठीत वाचायला गेले तर आजाराची भीती घालणारे पुष्कळ मिळाले. पण अहवाल हातात पडल्यावर दुसऱ्या दिवशी काय करायचे, किती थांबायचे आणि किती पैसे जवळ ठेवायचे, हे सांगणारे फारसे काही मिळाले नाही. म्हणून हे लिहून ठेवत आहे. मी वैद्यकीय क्षेत्रातील नाही. शालेय गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात हिशेब पाहते, त्यामुळे पावत्या आणि तारखा जपून ठेवण्याची सवय आहे. पुढील बहुतेक तपशील त्या फायलीतून घेतले आहेत.

निमित्त मुलीच्या लसीचे झाले. १ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची प्रतिबंधक लस देण्यास सरकार प्रोत्साहन देईल, असा उल्लेख झाला. दुसऱ्याच दिवशी एका अभिनेत्रीचा याच आजाराने मृत्यू झाल्याची बातमी पसरली आणि ती खोटी असल्याचे तिसऱ्या दिवशी उघड झाले. जनजागृतीच्या नावाखाली केलेल्या त्या प्रकाराबद्दल माझे मत आजही बरे नाही. परंतु आमच्या शिलाई विभागात दुपारच्या डब्याच्या वेळी ‘पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर’ हा विषय बायका उघडपणे बोलल्या त्या त्याच आठवड्यात, हेही खरे आहे.

५ फेब्रुवारीला मी बारा वर्षांच्या मुलीला घेऊन आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टर मॅडमकडे गेले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हावॅक’ ही लस त्यांच्याकडे होती. पंधरा वर्षांच्या आतील मुलींना सहा महिन्यांच्या अंतराने दोन मात्रा पुरतात, असे त्यांनी सांगितले. मला एका मात्रेमागे सुमारे दोन हजार रुपये पडले. मुलीच्या दंडावर कापूस दाबून ठेवत त्या सहज म्हणाल्या, “हिचं झालं. आता ताई, तुमची स्वतःची तपासणी शेवटची कधी झाली?” माझे वय तेव्हा त्रेचाळीस होते. दोन्ही बाळंतपणांनंतर मी त्या खुर्चीत कधी बसलेच नव्हते. अंगावरून पांढरे जाणे, मध्येच रक्तस्राव, ओटीपोटात दुखणे, यांपैकी कोणतीच तक्रार नसल्याचे मी सांगितले, तेव्हा तक्रार नसते तेव्हाच ही तपासणी करायची असते, असे त्यांचे उत्तर होते.

त्यांनी कागदाच्या मागच्या बाजूवर लिहून समजावले ते असे. एचपीव्ही म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस. त्याचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत. त्यांतील सुमारे चौदा प्रकार जास्त जोखमीचे, म्हणजे कर्करोगाशी संबंध असलेले. जगातील गर्भाशयमुखाच्या कर्करोगांपैकी सुमारे सत्तर टक्के एकट्या १६ आणि १८ या दोन प्रकारांमुळे होतात. ६ आणि ११ या प्रकारांमुळे चामखिळी येतात, कर्करोग नव्हे. ज्या स्त्रियांना संसर्ग होतो त्यांतील बहुतेकींच्या शरीरातून तो कोणत्याही औषधाविना दोन वर्षांच्या आत नाहीसा होतो. थोड्या जणींमध्ये तो ठाण मांडून बसतो आणि त्याचा पुढे कर्करोग होऊ शकतो; प्रतिकारशक्ती चांगली असेल तर त्याला पंधरा ते वीस वर्षे लागतात. या मधल्या लांब काळातच पेशींमधील बदल पकडता येतात आणि छोट्या उपचाराने काढताही येतात. तपासणीचा सगळा उपयोग त्या काळापुरता आहे. पॅप तपासणीत सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बदललेल्या आहेत का, हे पाहतात. एचपीव्ही तपासणीत त्या विषाणूचा डीएनए आहे का, हे पाहतात, त्यामुळे ती आधी सूचना देते. मात्र ज्यांचा संसर्ग आपोआप जाणारच होता अशाही पुष्कळ जणी तिच्यात सापडतात, आणि म्हणून तिशीच्या आतील मुलींना ती सहसा सांगत नाहीत.

पर्याय तीन होते. सरकारी कार्यक्रमात तीस ते पासष्ट वयाच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी व्हीआयए तपासणी मोफत आहे. गर्भाशयमुखावर पातळ ॲसिटिक आम्ल, म्हणजे जवळपास व्हिनेगरच, लावून मिनिटभराने पांढरा डाग उमटतो का, हे प्रशिक्षित परिचारिका नुसत्या डोळ्यांनी पाहते आणि निकाल तिथल्या तिथे मिळतो. दुसरी साधी पॅप तपासणी, सहाशे-सातशे रुपयांची. तिसरी, एकाच नमुन्यातून पॅप आणि एचपीव्ही अशा दोन्ही. तिचे ३,२०० रुपये सांगितले. परवडत असेल तर तिसरी करा, नसेल तर पहिली करा, पण काहीतरी करा, असे मॅडमचे म्हणणे होते. मी तिसरी निवडली.

नमुना २० फेब्रुवारीला दिला. पाळी संपल्यानंतरचा आठवडा त्यांनी मुद्दाम निवडला होता. आधीचे दोन दिवस शरीरसंबंध टाळावा, योनीमार्गात ठेवायच्या गोळ्या किंवा मलम वापरू नये, आतून धुऊ नये, एवढ्याच सूचना होत्या. माझ्याकडून दोन भर घालते: साडी किंवा सैल घागरा नेसून जावे, म्हणजे सगळे कपडे उतरवण्याचा संकोच राहत नाही, आणि टेबलावर जाण्यापूर्वी लघवीला जाऊन यावे. स्पेक्युलम, म्हणजे योनीमार्ग उघडा धरून ठेवणारे उपकरण, आत घालताना गारपणा आणि ताण जाणवतो. त्या वेळी श्वास रोखून धरला की जास्त दुखते. तोंडाने हळूहळू श्वास सोडत राहिले की स्नायू सैल पडतात, हे तेथील परिचारिकेने सांगितले आणि ते तंतोतंत खरे निघाले. मग मॅडमनी मऊ केसांचा एक लहान ब्रश गर्भाशयमुखावर टेकवून एकाच दिशेने पाच वेळा फिरवला आणि त्याचे टोक पातळ द्रव असलेल्या बाटलीत सोडले. मला बाटली दाखवली. त्या द्रवात पांढुरके धागे तरंगत होते. सगळे मिळून पाच मिनिटेसुद्धा लागली नसतील. दुसऱ्या दिवशी किंचित लालसर डाग दिसला, तो अपेक्षित होता.

नमुना पुण्याला जाणार होता आणि अहवाल दहा-बारा दिवसांत येईल, असे प्रयोगशाळेच्या माणसाने सांगितले. ४ मार्चला दुपारी मी जीएसटीचे आकडे जुळवत असताना फोनवर अहवालाची फाइल आली. इतर सगळी अक्षरे काळी आणि एकच ओळ लाल होती: ‘इतर १२ उच्च जोखीम प्रकार: आढळले’. त्याच्यावर ‘प्रकार १६: आढळला नाही’, ‘प्रकार १८: आढळला नाही’. पेशींच्या अहवालात ‘एस्कस’ असे लिहिले होते, म्हणजे काही पेशी सर्वसाधारण नाहीत, पण त्यांचे नेमके महत्त्व सांगता येत नाही. मी फोन पालथा ठेवला आणि पुढची पाच बिले नोंदवली. ती नंतर तपासली तेव्हा बरोबर निघाली, याचे मला अजूनही नवल वाटते. हात मात्र गार पडले होते. असा अहवाल रुग्णाच्या फोनवर, दोन ओळींच्या खुलाशाविना, कामाच्या वेळेत येऊन आदळावा, ही पद्धत मला चुकीची वाटते. शक्य असल्यास अहवाल थेट डॉक्टरांकडे पाठवण्यास अर्जावरच लिहून द्यावे.

त्याच अहवालात आणखी एक घोळ होता. माझे वय ४३ ऐवजी ३४ छापले होते आणि मधले नाव, म्हणजे यजमानांचे नाव, आधार कार्डापेक्षा वेगळे होते. वरवर किरकोळ वाटले तरी पुढच्या प्रत्येक टप्प्यावर, विशेषतः बायॉप्सीच्या अर्जावर आणि पुढेमागे विमा किंवा महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा लाभ घ्यायची वेळ आलीच तर, नावे जुळावी लागतात. शिवाय काय सल्ला द्यायचा हे काही प्रमाणात वयावरही ठरते. दुरुस्तीसाठी प्रयोगशाळेने लेखी अर्ज, आधारची झेरॉक्स, मूळ पावती आणि डॉक्टरांचे पत्र मागितले. पत्र देण्याची गरज काय, यावर काउंटरवरील मुलीकडे उत्तर नव्हते. ‘सिस्टिममध्ये मागतात’ एवढेच ती म्हणाली. सुधारित प्रत मिळायला आठवडा गेला. नमुन्याच्या बाटलीवर चिकटवलेले लेबल आपल्या डोळ्यांनी वाचल्याशिवाय खोलीबाहेर पडू नये, हे मी आता सर्वांना सांगते.

डॉक्टरांकडे यजमान सोबत आले. हा कर्करोगाचा अहवाल नाही, हे वाक्य मॅडमनी बसता बसता, आम्ही काही विचारण्याआधी उच्चारले. १६ किंवा १८ सापडला असता तर पेशी कशाही असल्या तरी थेट कोल्पोस्कोपी करावी लागली असती. उरलेले बारा प्रकार यंत्र एकत्रच मोजते, त्यांतील नेमका कोणता आहे हे या तपासणीत कळत नाही. अशा वेळी पेशींचा अहवाल पाहून ठरवतात. पेशी निखळ असत्या तर वर्षभराने पुन्हा तपासा एवढेच त्यांनी सांगितले असते. माझ्या अहवालात ‘एस्कस’ असल्यामुळे कोल्पोस्कोपी करणे योग्य, पण त्यासाठी घाई नको. काही आठवडे इकडेतिकडे झाल्याने बिघडत नाही.

मग यजमानांनी तो प्रश्न विचारला, जो माझ्या मनात आदल्या रात्रीपासून होता आणि जो आम्ही एकमेकांना विचारला नव्हता: हे आले कुठून? त्यांच्या आवाजात आरोप नव्हता, पण अवघडलेपणा होता, आणि खोलीत क्षणभर कोणीच बोलले नाही. मॅडमनी पेन खाली ठेवून शांतपणे सांगितले की हा विषाणू शरीरसंबंधातून, त्वचेच्या स्पर्शातून पसरतो आणि विवाहित आयुष्यात कधी ना कधी बहुतेक स्त्री-पुरुषांना त्याचा संसर्ग होऊन गेलेला असतो. तो वर्षानुवर्षे गुपचूप राहू शकतो, तपासणीत न दिसण्याइतका कमी होऊन पुन्हा दिसू शकतो. तो केव्हा आला, कोणाकडून आला, हे जगातील कोणतीही तपासणी सांगू शकत नाही; तेव्हा या कागदावरून कोणाच्याही वागणुकीचा निष्कर्ष काढता येत नाही, माझ्याही नाही आणि त्यांच्याही नाही. पुरुषांसाठी अशी नेहमीची तपासणी नाही, आणि यजमानांना काही औषध घेण्याची गरजही नाही. निरोधाने धोका कमी होतो, पूर्ण जात नाही. परतताना पार्क चौकात गाडी थांबवून यजमानांनी चहा घेतला आणि म्हणाले, “ते विचारलं नसतं तर डोक्यात राहिलं असतं.” मला ते पटले. ज्या घरांत हा प्रश्न मनातल्या मनात राहतो, तिथे अहवालापेक्षा संशयच जास्त त्रास देत असणार. म्हणून शक्य असेल तर नवऱ्याला या भेटीला सोबत न्यावे.

घरी सासूबाईंना सांगायचे की नाही, याचा विचार दोन दिवस केला आणि शेवटी सांगितले. त्यांचे माहेर भूम तालुक्यातील, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यातील. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “ह्ये नवं नाही काही. बार्शीच्या दवाखान्याच्या बाया यायच्या गावात. नावं लिवून न्यायच्या. माज्या वैनीला तपासलं हुतं की.” मला वाटले, त्या एखाद्या साध्या आरोग्य शिबिराविषयी बोलत असाव्यात. रात्री वाचत बसले तेव्हा लक्षात आले की त्या ज्या गोष्टीविषयी बोलत होत्या ती या विषयातील जगभर दाखला दिली जाणारी एक मोठी चाचणी होती.

सोलापूर जिल्ह्यातील बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचे टाटा मेमोरियल सेंटर आणि फ्रान्समधील लिऑन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून १९९९ पासून उस्मानाबाद जिल्ह्यातील गावांत तीस ते एकोणसाठ वयाच्या एक लाख एकतीस हजारांहून अधिक स्त्रियांची नोंदणी केली. गावांचे चार गट पाडले: एकात एचपीव्ही तपासणी, दुसऱ्यात पॅप, तिसऱ्यात व्हीआयए आणि चौथ्यात नेहमीची आरोग्यसेवा. एचपीव्हीची तपासणी आयुष्यात फक्त एकदाच केली. पुढे सुमारे आठ वर्षे पाठपुरावा झाला आणि एप्रिल २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निष्कर्ष छापून आले. एचपीव्ही गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले होते, तर तपासणी न झालेल्या गटात ६४. आजार बराच पुढे गेल्यावर सापडलेले रुग्ण एचपीव्ही गटात ३९, तपासणी न झालेल्या गटात ८२. पॅप आणि व्हीआयएच्या गटांत मृत्यूंमध्ये असा ठळक फरक दिसला नाही. चौथ्या गटातील स्त्रियांना तपासणीविना ठेवणे योग्य होते का, यावर पुढे बरीच टीका झाली, आणि ती वाचून मीही अस्वस्थ झाले. वैनी कोणत्या गटात होत्या हे कोणालाच आठवत नाही, पण तपासणी झाली होती म्हणजे चौथ्यात नव्हत्या, एवढे नक्की.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये तिशीपुढील स्त्रियांसाठी एचपीव्ही डीएनए तपासणीला प्राधान्य देण्याची शिफारस केली. त्याआधी बारा वर्षे तिचा भक्कम पुरावा आमच्या शेजारच्या गावांतून गेला होता. इकडे २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या स्त्रिया अवघ्या १.९ टक्के निघाल्या. सोलापूरहून बार्शी एसटीने दोन तासांच्या अंतरावर आहे, आणि त्रेचाळीस वर्षांत मी हे कधी ऐकले नव्हते. याचा दोष नेमका कोणाला द्यावा हे मला ठरवता आलेले नाही, पण राग आला, हे लिहायला हवे.

मार्चअखेर आमच्या धंद्यात मान वर करायला वेळ नसतो. त्यातच पाळीच्या तारखा आणि कोल्पोस्कोपी करणाऱ्या डॉक्टरांचे ठरलेले वार यांचा मेळ बसेना. अखेर गुढीपाडवा झाल्यावर १६ एप्रिलची वेळ मिळाली. या मधल्या काळात सल्ल्यांना तोटा नव्हता. एका जवळच्या नातलग बाईंनी फोनवर सांगितले की दोन मुले झाली आहेत, आता पिशवी काढूनच टाक, कटकट मिटेल. आपल्याकडे हा सल्ला फार सहज दिला जातो आणि कधीकधी दवाखान्यांतूनही दिला जातो. मी मॅडमना विचारले तेव्हा त्या स्पष्टपणे म्हणाल्या की केवळ एचपीव्ही सापडला म्हणून गर्भाशय काढणे हा उपचारच नव्हे. पेशींमधील बदल गंभीर निघाले तरी बहुधा गर्भाशयमुखाचा तेवढाच भाग गोठवून, उष्णतेने जाळून किंवा तारेच्या कड्याने काढून भागते, आणि त्याआधी नेमके काय आहे हे बायॉप्सीने कळले पाहिजे. असा सल्ला कोणी दिला तर बायॉप्सीचा अहवाल हातात आल्याशिवाय होकार देऊ नये.

कोल्पोस्कोपीचे नाव ऐकून आत काहीतरी लांब नळी घालतात, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात ती दुर्बिणीसारखी, दिव्याची मोठी भिंग असते आणि शरीराबाहेरच, टेबलापासून हातभर लांब राहते. आत फक्त स्पेक्युलम असतो. अर्धा तास आधी एक वेदनाशामक गोळी घ्यायला सांगितली होती. संमतीपत्र मराठीत होते, ते वाचायला पुरेसा वेळ दिला. बाजूच्या पडद्यावर चित्र दिसत होते आणि पाहायचे असेल तर पाहा, असे डॉक्टर म्हणाल्या. मी पाहिले. गुलाबी, ओलसर, मध्ये लहान छिद्र असलेला गोलाकार भाग. माझ्याच शरीराचा हा भाग मी आयुष्यात प्रथमच पाहत होते. आधी हिरवा प्रकाश टाकून रक्तवाहिन्या पाहिल्या. मग पाच टक्के ॲसिटिक आम्लात भिजवलेला कापूस लावला. थोडे चुरचुरले आणि खोलीभर लोणच्याच्या व्हिनेगरचा वास पसरला. मिनिटभरात छिद्राच्या वरच्या कडेला एक फिकट पांढरा पट्टा हळूहळू उमटला. त्यानंतर आयोडिन लावले. निरोगी भाग गडद तपकिरी झाला, कारण त्या पेशींत साठवलेले ग्लायकोजेन आयोडिन शोषून घेते. तो पट्टा मात्र मोहरीसारखा पिवळा राहिला. तिथून आणि खालच्या कडेवरून चिमट्याने तांदळाच्या दाण्याएवढे दोन तुकडे घेतले. प्रत्येक वेळी पाळीतल्या कळेसारखी एक कळ आली आणि गेली. तुकडे दोन वेगळ्या बाटल्यांत गेले. एकीवर ‘१२ वाजता’ आणि दुसरीवर ‘६ वाजता’ असे घड्याळाच्या तबकडीप्रमाणे जागा सांगणारे लिहिले होते. या वेळी नाव, वय आणि तारीख मी मोठ्याने वाचली, आणि परिचारिका हसली तरी वाचली.

रक्त थांबवण्यासाठी एक तपकिरी लेप लावतात. पुढचे दोन-तीन दिवस तो कॉफीच्या गाळासारखा बाहेर पडतो, हे आधी सांगितले नाही तर माणूस घाबरून जाईल. पॅड जवळ ठेवावे. आठवडाभर शरीरसंबंध आणि जड उचलणे टाळायचे होते. पॅड भरभरून रक्त गेले, ताप आला किंवा दुर्गंधी आली तर लगेच यायचे होते. तसे काही झाले नाही. सोलापूरच्या एप्रिलमधल्या उन्हात दुपारी दुचाकीवरून परतण्यापेक्षा सकाळची वेळ मागून घ्यावी, एवढे सुचवते. मी त्या दिवशी अर्धी रजा टाकली होती, पूर्ण टाकायला हवी होती असे मात्र वाटले नाही.

बायॉप्सीचा पहिला अहवाल २७ एप्रिलला आला: सीआयएन १ (पेशींतील बदलांच्या तीन पायऱ्यांपैकी सर्वांत सौम्य), आणि खाली टीप, की खात्रीसाठी पी१६ ही विशेष रंगपरीक्षा करावी. तिचे २,४०० रुपये वेगळे भरले. ७ मे रोजी सोलापुरात लोकसभेचे मतदान होते, त्याच्या आगेमागे प्रयोगशाळेचे काम मंदावले आणि अहवाल ९ मेला हाती आला. सगळ्या प्रवासात मला सर्वांत जड गेलेले दिवस हेच. पहिल्या अहवालाच्या वेळी काहीच कळत नव्हते. आता थोडे कळत होते आणि त्यामुळेच सीआयएन १ च्या जागी २ किंवा ३ असे काही येईल का, याचा विचार सुटत नव्हता. मतदानाच्या रांगेत उभी असतानाही मी तोच हिशेब करत होते. पी१६ ऋण निघाले, म्हणजे बदल सौम्यच होते.

सीआयएन १ म्हणजे पेशींच्या थराच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यापुरते मर्यादित, सौम्य बदल. ते बहुधा आपोआप मावळतात, म्हणून उपचार नाही. वर्षाने पुन्हा एचपीव्ही तपासणी. काहीच करायचे नाही, हे ऐकून मला आधी बरे वाटण्याऐवजी चिडचिड झाली. निदान एखादी गोळी तरी द्या, असे मी म्हणाले. विषाणू घालवणारे औषध नाही आणि प्रतिकारशक्ती वाढवण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या गोळ्यांवर पैसे घालवू नका, असे मॅडमनी सांगितले. लसीबद्दलही विचारले, ती आधीच असलेला संसर्ग बरा करत नाही आणि या वयात तिचा उपयोग कमी. लस घेतलेल्या मुलींनाही तिशीनंतर तपासणी करावीच लागेल, कारण या लसीत चारच प्रकारांपासून संरक्षण आहे, हेही त्याच वेळी कळले.

खर्चाचा हिशेब: सल्ला शुल्क दर वेळी ५००, पहिली तपासणी ३,२००, कोल्पोस्कोपी २,५००, दोन तुकड्यांची बायॉप्सी १,८००, पी१६ चे २,४००. औषधे आणि झेरॉक्स धरून सगळे बारा-तेरा हजारांत बसले. कारखान्याच्या गटविम्यात दवाखान्यात दाखल झाल्याशिवाय काही मिळत नाही, त्यामुळे तिथून परतावा नाही. जुन्या करप्रणालीत विवरणपत्र भरणाऱ्यांना त्या वेळी कलम ८०डी खाली प्रतिबंधात्मक आरोग्य तपासणीसाठी पाच हजारांपर्यंतची वजावट, एकूण मर्यादेच्या आत, मिळत होती आणि ती रोखीने भरलेल्या रकमेवरही चालत होती. पावतीवर तपासणीचे नाव स्पष्ट लिहून घ्यावे. बायॉप्सीच्या काचपट्ट्या आणि मेणाचे ठोकळे प्रयोगशाळेत जपून ठेवलेले असतात, त्यांचा क्रमांक अहवालावर असतो. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायचे झाल्यास त्या मागता येतात, म्हणून तो क्रमांक वेगळा टिपून ठेवला आहे.

ऑगस्टमध्ये मुलीची दुसरी मात्रा झाली. त्यानंतरचे महिने, खरे सांगायचे तर, मी हा विषय बराचसा विसरले होते. अधूनमधून मासिक पाळी एखादा दिवस पुढे गेली की आठवण यायची, तेवढीच.

फेरतपासणी ६ मे २०२५ रोजी केली, त्याच पद्धतीने आणि त्याच प्रयोगशाळेत, म्हणजे दोन्ही अहवालांची तुलना सोपी जावी. दर तोच होता. या वेळी अर्जावर ‘अहवाल फक्त डॉक्टरांकडे पाठवावा’ असे लिहिले. तरीही फोनवर आलाच. तिन्ही ओळींत ‘आढळले नाही’ आणि पेशींचा अहवाल सर्वसाधारण. संसर्ग शरीरातून पूर्ण गेला की तपासणीत न दिसण्याइतका दबला, हे सांगता येत नाही, परंतु व्यवहारात दोन्हींचा अर्थ सध्या जोखीम फार कमी, असा मॅडमनी सांगितला.

दरम्यान शिलाई विभागातील काही जणींनी विचारणा केली. त्यांच्यापैकी बऱ्याच शहराच्या पूर्व भागातील, घरी तेलुगू बोलणाऱ्या, काहींच्या आया विड्या वळणाऱ्या. ३,२०० रुपये ऐकून त्यांचा प्रश्न तिथेच संपला असता, म्हणून आम्ही महापालिकेच्या आरोग्य केंद्रात व्हीआयएची चौकशी केली. आशाताईंनी ठरावीक दिवस सांगितला, आधार कार्ड आणायला सांगितले आणि पैसे लागले नाहीत. एकीचा निकाल पांढरा डाग असल्याचा आला आणि ती रडत माझ्या टेबलापाशी आली. मी तिला माझी फाइल उघडून दाखवली, लाल ओळीसकट. तिला ‘सिव्हिल’ला पाठवले, तिथे कोल्पोस्कोपीत साधी सूज निघाली. पन्नाशी ओलांडलेल्या, पाळी थांबलेल्या दोघींना मात्र परिचारिकेने दुसरी तपासणी सुचवली, कारण त्या वयात तपासायचा भाग आत सरकतो आणि नुसत्या डोळ्यांनी नीट दिसत नाही. त्यांच्यासाठी कमी खर्चात एचपीव्ही तपासणी कुठे होईल, याची चौकशी अजून चालू आहे. नमुना स्वतःच, घरच्या न्हाणीघरात घेता येण्याची सोय जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेली आहे; ती आमच्या बायकांना टेबलावर झोपण्यापेक्षा नक्कीच मानवली असती.

माझी पुढची तपासणी मे २०२८ मध्ये आहे. मध्येच रक्तस्राव झाला, शरीरसंबंधानंतर रक्त दिसले किंवा पाळी गेल्यावर पुन्हा अंगावर गेले, तर तारखेची वाट न पाहता यायचे, असे मॅडमनी फायलीच्या आतल्या बाजूला लिहून दिले आहे. त्याच्याच खाली मी प्रयोगशाळेचा क्रमांक आणि काचपट्ट्यांचा क्रमांक लिहिला आहे, आणि यजमानांना फाइल कपाटाच्या कोणत्या कप्प्यात आहे ते दाखवून ठेवले आहे.